काकांचा गुरुवार



हैदराबादच्या जुमेरात बाजारात दर गुरुवारी जुना माल मांडला जातो. बंद पडलेली घड्याळे, टवके उडालेल्या किटल्या, दांडा नसलेल्या छत्र्या! ज्या घरचे काका तेथून दर आठवड्यास पिशवी भरून परततात, त्या घरच्या गृहिणीची व्यथा मी पुष्कळदा ऐकतो. खाट अडली, खिडकी अडली. पाहुण्यास बसवावे कोठे?

अशा माणसास लोभी म्हणण्याची घाई करू नये. टंचाईत वाढलेल्या मनाला खिळाही टाकवत नाही. पाच भाकरींनी पाच हजार तृप्त झाल्यावर प्रभूने उरलेले तुकडे वेचावयास लावले व बारा टोपल्या भरल्या, असे संत योहान सांगतात. काटकसर हा सद्गुणच होय. परंतु वेचलेले कोणाच्याच उपयोगी पडत नसेल, तर तेही वायाच गेले.

हा संग्रह आवरेनासा झाला, तर तो मनाचा आजारही असू शकतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याची स्वतंत्र विकार म्हणून नोंद केली. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

मात्र काकांच्या पाठीमागे भंगारवाल्यास बोलावू नका. वस्तूंबरोबर विश्वासही जाईल, आणि पुढल्या गुरुवारी पिशवी दुप्पट भरून येईल. एक कोपरा त्यांचा ठरवा; दार, चूल व वाट मोकळी ठेवण्याचे वचन घ्या. एकेक वस्तू त्यांच्या हाती देऊन विचारा, “काका, ही कोणाला द्यावी?” दान त्यांच्याच हातून होऊ द्या.

सायंकाळच्या रोझरीस सर्वांना एकत्र गुडघे टेकता येतील एवढी जागा झाली, तरी आरंभ चांगला झाला असे समजावे.