वीरांचा मेळावा

पडद्यावर एक वीर अवतरला की टाळ्या पडतात. दहा वीर एकत्र आले की चित्रपटगृह दणाणून जाते. परंतु हा कडकडाट केवळ वीरांच्या संख्येसाठी होतो काय? मार्व्हलच्या चित्रपटांचा मी चाहता आहे आणि माझे मत असे, की या मेळाव्याची खरी गोडी वीरांच्या बळात नसून त्यांच्या परस्परसंबंधांत आहे.

हे कथाविश्व मुळात कागदावर जन्मले. १९६१ पासून अमेरिकेत स्टॅन ली, जॅक कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या चित्रकथा रचल्या, त्यांतील अनेक वीर एखाद्या कल्पित नगरीत न राहता खऱ्याखुऱ्या न्यूयॉर्क शहरात राहत. शहर एकच असल्यामुळे एका कथेतील वीर दुसरीत सहज डोकावे. १९६३ साली त्यांपैकी काहींचा ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हा संघ निघाला. हीच कल्पना पुढे पडद्यावर आली. २००८ साली ‘आयर्न मॅन’ आणि २०११ साली ‘थॉर’ व ‘कॅप्टन अमेरिका’ यांच्या कथा स्वतंत्रपणे सांगून झाल्या. मग २०१२ साली हे वीर एका चित्रपटात एकत्र आले.

वीरांचे विश्व एक झाले, की एकाच्या कृत्याची झळ दुसऱ्याला लागते. सामान्य साहसपटात शत्रू पडला की कथा संपते. कोसळलेल्या घरांत कोण राहत होते, हे कोणी विचारीत नाही. येथे मात्र तो प्रश्न विचारला जातो. २०१५ च्या चित्रपटात आयर्न मॅन म्हणजे टोनी स्टार्क जगाच्या रक्षणासाठी अल्ट्रॉन नावाचे यंत्र घडवू पाहतो. ते माणसांवरच उलटते आणि सोकोव्हिया नावाच्या कल्पित देशातील एक शहर नष्ट होते. २०१६ च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये त्या शहरात मेलेल्या एका तरुणाची आई टोनीपुढे उभी राहून त्याला जाब विचारते. तिच्यापुढे त्याचे पोलादी कवच निरुपयोगी ठरते.

वीरांनी राष्ट्रांच्या नियंत्रणाखाली राहावे, असे टोनी म्हणू लागतो. कॅप्टन अमेरिका म्हणजे स्टीव्ह रॉजर्स यास नकार देतो. कोठे जावे आणि कोठे जाऊ नये, हे सत्ताधाऱ्यांनी ठरवल्यास अन्याय होईल, ही त्याची भीती. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु टोनीच्या आईवडिलांच्या मृत्यूविषयीचे सत्य स्टीव्हने त्याच्यापासून लपवून ठेवलेले असते. ते उघड होताच मतभेदाचे वैर होते आणि संघ दुभंगतो. पुढे स्टीव्ह त्याला एक पत्र आणि एक साधा फोन पाठवतो : गरज पडेल तेव्हा बोलाव.

२०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये ती गरज पडते. थॅनॉस नावाचा बलाढ्य शत्रू विश्वातील निम्मे जीव नाहीसे करण्यास निघालेला असतो. टोनी खिशातून तो फोन काढतो, उघडतो आणि घुटमळतो. तेवढ्यात शत्रूचे यान शहरावर येऊन ठेपते आणि फोन लावायचा राहूनच जातो. पुढे दुसराच एक सहकारी तो उचलून स्टीव्हला निरोप देतो. परंतु टोनी तोवर पृथ्वी सोडून दूर गेलेला असतो. तो लढतो टायटन नावाच्या परक्या भूमीवर, स्टीव्ह लढतो आफ्रिकेतील कल्पित वाकांडा देशात. दोघेही हरतात. एकत्र असते तर ते जिंकलेच असते, असे मी म्हणणार नाही. परंतु खांद्याला खांदा लावून लढण्याची संधी त्यांनी आधीच गमावली होती, हे मात्र खरे. साऱ्या स्फोटांपेक्षा ती क्षणभराची घुटमळ मला अधिक भयंकर वाटते.

या चित्रपटांत दोषही आहेत. २०१९ चा ‘एंडगेम’ हा या मालिकेतील बाविसावा चित्रपट. आधीचे पुष्कळसे पाहिले नसतील, तर त्यातील अश्रूंचा अर्थ लागत नाही. या विश्वात तर छोट्या पडद्यावरील मालिकांचीही भर पडली. कथा ऐकणे म्हणजे कर्जाचे हप्ते फेडणे नव्हे. प्रत्येक कथा आपल्या पायांवर उभी राहावयास हवी. शिवाय नाहीसे झालेले निम्मे जग ‘एंडगेम’मध्ये परत येते. मृत्यू असा परतवता आला, तर शोकाला वजन कसे राहील? या आक्षेपाचे पूर्ण निरसन मला करता येत नाही. इतकेच सांगतो, की त्या परतीचे मोल चुकवावे लागते. नताशा रोमानॉफ प्राण देते, अखेरीस टोनीही देतो. आणि मधली पाच वर्षे कोणालाच परत मिळत नाहीत.

मुलांनो, पुन्हा हे चित्रपट पाहाल तेव्हा अखेरच्या मोठ्या लढाईआधीच्या एका छोट्या प्रसंगाकडे लक्ष द्या. टोनी स्वतः स्टीव्हकडे येतो आणि भांडणात त्याच्याकडून घेतलेली ढाल त्याला परत करतो. तेथे ना गर्जना आहे, ना स्फोट. तरीही माझ्या मते वीरांचा खरा मेळावा तेथेच भरतो. पुढची लढाई त्यानंतरची गोष्ट आहे.