प्रतीक्षा गेमची, कसोटी यंत्राची

नागपूर : ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील सहाव्या व्हिडिओ गेमचे आगमन नोव्हेंबर २०२५ मध्ये दुसऱ्यांदा लांबणीवर पडले, तेव्हा जगभरातील चाहत्यांप्रमाणे उपराजधानीतील तरुणही हिरमुसले. आधी २०२५ चा उत्तरार्ध, मग २६ मे २०२६ आणि आता १९ नोव्हेंबर २०२६, असा या तारखेचा प्रवास झाला आहे. अपेक्षित दर्जा गाठण्यासाठी आणखी काही महिने हवेत, असे कारण निर्माती कंपनी रॉकस्टार गेम्सने दिले. चाहत्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. तथापि खरी चिंता तारखेची नसून, हा गेम घरातल्या यंत्रावर नीट चालेल की नाही, याची असायला हवी.

या गेमविषयीचे आकर्षण नागपूरला नवे नाही. २००३ मध्ये या मालिकेतील ‘व्हाइस सिटी’ संगणकावर आला, तो सायबर कॅफेंचा काळ होता. तासाला ठरावीक पैसे मोजून, बरेचदा अनधिकृत सीडीवर, त्या शहरातून मोटारी पळवणारी पोरे आज तिशी-पस्तिशीत आहेत. त्यांतील काही मिहानमधील आयटी कंपन्यांत नोकरीला आहेत, काहींची स्वतःची दुकाने आहेत. सहावा गेम त्याच व्हाइस सिटीत परत जाणारा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये त्याची पहिली झलक यूट्यूबवर २४ तासांत ९ कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली, त्यामागे ही आठवणही आहे. फरक एवढाच, की त्या काळी तासाचे भाडे भरणारा पोरगा आता पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक झाला आहे. गेम अडखळत चालला, तर झळ त्याच्याच खिशाला बसणार आहे.

अशा ‘मुक्त जगा’च्या गेममध्ये संपूर्ण शहर खेळाडूसमोर खुले असते. तो कुठेही, कोणत्याही वेगाने जाऊ शकतो. म्हणून पुढचा रस्ता, इमारती, वाहने आणि माणसे यंत्राला धावता धावता साठवणीतून उचलून पडद्यावर आणावी लागतात. शिवाय प्रत्येक पादचारी कुठे वळेल, कोणती मोटार कधी थांबेल, याचे गणितही अखंड चालू ठेवावे लागते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्रासाठी हा सगळा हिशेब सुमारे १६.७ मिलिसेकंदांत आटोपावा लागतो. ३० चित्रांवर समाधान मानले, तर ३३.३ मिलिसेकंद मिळतात. वेळ पुरला नाही, की चित्र अडखळते आणि वळणावरची मोटार भिंतीवर आदळते. शहर जितके गजबजलेले, तितका हा धोका मोठा.

मे २०२५ मधील दुसरा ट्रेलर प्लेस्टेशन ५ वरच टिपलेला असल्याचे आणि त्यात प्रत्यक्ष खेळाचा भाग निम्मा असल्याचे कंपनीने सांगितले. ही बाब दिलासादायक खरी. पण निवडक दृश्यांच्या झलकेवरून भर गर्दीत सेकंदाला किती चित्रे मिळतील, हे कळत नाही. प्लेस्टेशन ५ चा मुख्य प्रोसेसर २०२० चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या महागड्या ‘प्रो’ आवृत्तीत चित्रे रंगवण्याची क्षमता बरीच वाढली, मात्र मुख्य प्रोसेसर जवळपास तोच राहिला. गर्दीचे आणि वाहतुकीचे गणित याच प्रोसेसरवर पडते. त्यामुळे जास्त पैसे मोजल्याने ही अडचण सुटेलच, असे नाही. शिवाय ‘प्रो’ जगभर विक्रीस आला, तेव्हा वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना येथे परवानगी नसल्याने भारताला वगळण्यात आले होते. दुसऱ्या टोकाला एक्सबॉक्स सिरीज एस हे स्वस्त यंत्र आहे. त्याची स्मृती १० जीबी, तर थोरल्या सिरीज एक्सची १६ जीबी. परवडते म्हणून घेतलेले यंत्रच सर्वाधिक कसोटीला उतरणार आहे.

संगणकावर खेळणाऱ्यांची स्थिती आणखी बिकट आहे. नोव्हेंबर २०२५ च्या घोषणेत संगणकाचा उल्लेखच नव्हता. पूर्वानुभवही फारसा आशादायक नाही. पाचवा गेम कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला. संगणकावर यायला एप्रिल २०१५ उजाडला. याच कंपनीचा ‘रेड डेड रिडेम्पशन २’ हा गेम ऑक्टोबर २०१८ मध्ये कन्सोलवर आणि वर्षभरानंतर संगणकावर आला. त्यामुळे या गेमसाठी आजच महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. गेम संगणकावर येईपर्यंत तेच कार्ड जुने झालेले असेल.

चिंतेला इतिहासाचाही आधार आहे. ‘सायबरपंक २०७७’ हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा गेम तीनदा लांबणीवर पडून १० डिसेंबर २०२० रोजी आला. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना केवळ संगणकावरील आवृत्ती मिळाली होती. सात वर्षे जुन्या प्लेस्टेशन ४ वर तो कसा चालतो, हे पैसे भरलेल्या ग्राहकांनाच आधी कळले. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून घेतला. परतायला जून २०२१ उजाडला. जुन्या यंत्रांवरचा खेळ आधी दाखवला नाही, याबद्दल कंपनीला माफी मागावी लागली. खुद्द रॉकस्टारचे जुने तीन गेम नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या रूपात आले, तेव्हाही दोषांमुळे कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. ते काम बाहेरच्या स्टुडिओकडे होते, हे मान्य. पण पेटीवरचे नाव रॉकस्टारचेच होते.

नागपूरकरांच्या बाबतीत या हिशेबात आणखी एक घटक येतो, तो म्हणजे ऊन. रद्द झालेली २६ मे ही तारीख ऐन नवतपातली होती. प्लेस्टेशन ५ साठी सोनीने सांगितलेले खोलीचे कमाल तापमान ३५ अंश आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना कूलर लावलेल्या खोलीतही ही मर्यादा पाळणे अवघड. तापलेला संगणक आपोआप वेग कमी करतो, तर कन्सोल इशारा देऊन बंद पडू शकतो. परदेशातील वातानुकूलित खोलीत घेतलेल्या चाचणीचे आकडे इथल्या उन्हाळ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. नोव्हेंबरची तारीख निदान या एका बाबतीत सोयीची म्हणायची.

ग्राहकाचा हक्क नेमका कुठे संपतो, हेही जाणून घेतले पाहिजे. प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला गेम एकदा डाउनलोड करायला सुरुवात केली, की तो सदोष असल्याखेरीज पैसे परत मिळत नाहीत. संगणकावरील ‘स्टीम’ दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असल्यास परतावा मिळतो. कन्सोलवर आगाऊ नोंदणी करून आदल्या रात्रीच गेम उतरवून ठेवणारा उत्साही चाहता ही सवलत स्वतःहून गमावतो. डिस्क घेणाऱ्याला ती निदान दुसऱ्याला विकता तरी येते.

हीच कसोटी घरच्या प्रयत्नांनाही लागू आहे. मुंबईच्या गेमइऑन स्टुडिओने ‘मुंबई गल्लीज’ या मुक्त जगाच्या गेमची घोषणा केली, तेव्हा आपल्या गल्ल्या, आपल्या चाळी पडद्यावर दिसणार म्हणून मोठे कौतुक झाले. ते रास्तच होते. परंतु इथला बहुसंख्य खेळाडू साध्या संगणकावर किंवा मोबाइलवर खेळतो. त्याच्या यंत्रावर जो अडखळणार नाही, तोच गेम इथे खऱ्या अर्थाने आपला ठरेल.

विलंबावर राग काढणाऱ्या चाहत्यांनी म्हणूनच आपली मागणी बदलायला हवी. ‘लवकर आणा’ म्हणण्याऐवजी ‘सर्वांत स्वस्त यंत्रावरचा खेळ आधी दाखवा’ असे म्हटले पाहिजे. कंपनीने तो दाखवला नाही, तर प्रकाशनानंतर आठवडाभर थांबणे हाच उपाय उरतो. तेवढ्या काळात चाचण्या होतात, दोष उघड होतात, दुरुस्त्याही सुरू होतात. ज्या गेमसाठी पाचव्या भागानंतर १३ वर्षे वाट पाहिली, त्यासाठी आणखी ८ दिवस थांबणे जड जाऊ नये. निदान पहिल्या दिवशीच्या दोषांचे मोल आपल्या खिशातून भरावे लागणार नाही.