चित्र जुळलं, पण किती जुळलं?

मी इगतपुरीचा. आमच्याकडची बरीच मंडळी कॅन्सरच्या उपचारासाठी कसारा घाट उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जातात. हातातल्या पिशवीत सीटी, एमआरआय, कधी पेट स्कॅन. माणूस एक, फोटो तीन तऱ्हेचे! हे फोटो एकमेकांवर अचूक बसवणं हे डॉक्टरांइतकंच आपलं, म्हणजे इंजिनिअर लोकांचंही काम आहे, असं माझं ठाम मत आहे.

मित्रांनो, सीटीत हाड पांढरं दिसतं, एमआरआयमध्ये तेच काळं. रेडिएशनचा डोस मोजायला सीटी लागते, पण मेंदूतली गाठ नीट दिसते ती एमआरआयमध्ये. म्हणून गाठीची हद्द एमआरआयवर आखून सीटीवर उतरवतात. ती चार मिलिमीटर सरकली तर? डोळ्याच्या नसेला मार बसू शकतो आणि गाठीची कड सुटू शकते!

काळ्या-पांढऱ्याचा हिशोबच उलटा, त्यामुळे एका चित्रातून दुसरं वजा करून भागत नाही. इथे कामाला येतो शॅनन, ज्याची १९४८ ची थिअरी आपण पेपरपुरती पाठ करतो. एका चित्रातला ठिपका पाहून दुसऱ्यातल्या ठिपक्याचा अंदाज सर्वांत चांगला कधी बांधता येतो? दोन्ही चित्रं नीट जुळतात तेव्हा! 'म्युच्युअल इन्फर्मेशन'ची ही युक्ती अमेरिका आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात रूढ केली.

कवटी कडक, म्हणून डोक्याचं काम त्यातल्या त्यात सोपं. छाती-पोटाचं तसं नाही. सीटी काही सेकंदांत उरकते, पेटला कित्येक मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ पेशंट श्वास घेणारच! दोन्ही एकाच यंत्रात बसवली तरी ही अडचण पुरती जात नाही.

आता माझी तक्रार. प्रोजेक्टच्या व्हायवाला लाल-निळं एकत्र चित्र दाखवलं की 'वा वा' होते. चूक किती मिलिमीटर, हे ना आपण सांगतो, ना कुणी विचारतं. आयटीकेसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, हल्ली डीप लर्निंगही हाताशी आहे. मग अडतं कुठे? एक चित्र मुद्दाम ठराविक मापाने सरकवा, प्रोग्रॅम ते जागेवर आणतो का बघा. ओळखीच्या खुणा बाजूला राखून ठेवा आणि शेवटी त्यांच्यातलं अंतर मोजा. एवढं केलं तरी रिपोर्टला वजन येईल.

आणि सर-मॅडम, तुम्हालाही विनंती. यंदा व्हायवाला एवढा एक प्रश्न जरूर विचारा: "छान दिसतंय, पण चूक किती?"