वयाचा कागद आणि मुलीचे हाड

मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला आपल्या चळवळीला ठाऊक आहे तो संमतीच्या वादामुळे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. परंतु त्या खटल्यातील एक बाब विस्मरणात गेली आहे. डॉक्टरांनी मुलीचे वय चौदा ते सोळा सांगितले होते; तरीही ती सोळाच्या आतली असल्याचा समाधानकारक पुरावा नाही, असे सत्र न्यायालयाने म्हटले. ती सोळाच्या आतली ठरती, तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. आईवडील नसलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या त्या मुलीने जन्माचा कागद आणावा कोठून?

पन्नासहून अधिक वर्षे लोटली, प्रश्न तोच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले. वय कसे ठरवावे याचा क्रम २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये आहे: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास पालिकेचा वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांतले काहीच नसेल तरच हाडांची तपासणी. शाळा बदलताना मिळणारा दाखला या यादीत बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. शाळेच्या रजिस्टरातील तारीख कोणी व कशाच्या आधारे सांगितली हे सिद्ध झाल्याविना तिला वजन नाही, हे तर १९८८ पासून ठरलेले आहे. आपल्या खेड्यांत निम्मे गाव १ जूनला जन्मलेले असते. नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली असते. आरोपीच्या वकिलास हे पक्के माहीत असते, आणि साक्षीला आलेले आजचे मुख्याध्यापक 'मी तेव्हा या शाळेत नव्हतो' एवढेच सांगू शकतात.

मग उरते हाड. हाडावरून नेमके वय निघत नाही. दोन वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नोंदविले आहे. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पॉक्सो खटल्यांत डॉक्टरी अंदाजाची वरची मर्यादा घ्यावी व तीत आणखी दोन वर्षे मिळवावी, असे ठरविले. म्हणजे सोळा ते अठराचा अंदाज आला की मुलगी वीस वर्षांची! हा हिशेब पुढे नेला, तर अठरापर्यंतचे संरक्षण कागद नसलेल्या मुलीला प्रत्यक्षात सोळापर्यंतही पुरत नाही. कागद असतो तो कोणाच्या घरी, हे आपल्या वाचकांना सांगावयास नको.

संशयाचा फायदा आरोपीस मिळू नये, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तुरुंग गरिबांनीच भरलेले आहेत. पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्यांतील मुलीचे वय आईबाप कमी करून सांगतात, हेही आपण पाहतो. पुरावा सैल करणे हा उपाय नव्हेच. आमचा आक्षेप शासनावर आहे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. नोंद जन्म झाला त्या जागी व्हावयाची असते. बीडच्या ऊसतोड कुटुंबाचे मूल कोपीवर, परजिल्ह्यात जन्मते, आणि टोळी गावी परतेपर्यंत मुदत उलटलेली असते. वर्ष गेले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. पुढे तीच मुलगी फिर्यादी झाली की तपास अधिकारी आधार कार्डाची झेरॉक्स जोडून मोकळा होतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, हे त्याला ठाऊक नसते असे नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबासोबत ठाण्यावर जाताना पहिल्या आठवड्यातच पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा व ग्रामपंचायतीची नोंद मिळवावी. तारीख सांगणाऱ्या आईचा, मामाचा वा आजीचा जबाब घेण्याचा लेखी आग्रह धरावा. ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांना मूळ रजिस्टरासह साक्षीस बोलाविण्याची मागणी सरकारी वकिलाकडे करावी. वयाचा प्रश्न निघाल्यास त्याचा निर्णय लेखी कारणांसह देणे विशेष न्यायालयास कलम ३४ ने बंधनकारक आहे. जन्मापासून एकवीस दिवसांत केलेल्या नोंदीस शुल्क पडत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडतील. तत्पूर्वी प्रत्येक साखर कारखान्याच्या तळावर नोंदणीची सोय जिल्हा प्रशासनाकडून करवून घेणे, हे यंदाच्या हंगामाचे पहिले काम समजावे.