कावळ्याचे वकीलपत्र

सर्वपित्री अमावास्येला गच्चीवर पान ठेवून कावळ्याची मनधरणी करणारी मंडळी दिवाळीच्या अमावास्येला त्याला पार विसरलेली असतात. मध्ये उणापुरा एक महिना! तेवढ्यात तोच पक्षी पुन्हा चोर, घाणेरडा, अपशकुनी आणि वर मूर्खही ठरतो. म्हणून मी हे वकीलपत्र घेतले आहे. अशील फी देणार नाही. उलट माझ्या खिडकीतली पोळी उचलून, वाळकी असल्यास टाकीच्या पाण्यात भिजवून खाईल.

बदनामीला सुरुवात पाळण्यापासूनच होते. चिमणीचे घर मेणाचे, कावळ्याचे शेणाचे, असे आपण घास भरवता भरवता मुलांना सांगतो. पण मान वर करून ते घरटे पाहिले आहे कोणी? काटक्यांचा भक्कम सांगाडा, शहरात त्याला तारांची जोड, आत काथ्याचे मऊ अस्तर. शेण औषधालाही नाही. आणि मेणाचे घर वैशाखात कसे टिकले, हे एकाही नातवाने आजीला विचारू नये, याचे मला नवल वाटते.

कोकिळेची अंडी उबवतो म्हणून तो मूर्ख, हा तर माझा विशेष रागाचा विषय. समोरच्या आंब्यावर हा प्रकार मी उन्हाळ्यामागून उन्हाळे पाहिला आहे. काळा कुळकुळीत कोकीळ घरट्याजवळ येऊन मुद्दाम ओरडतो. कावळे चवताळून त्याच्या पाठीस लागतात, आणि तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची मादी अंडे घालून पसार होते. ते अंडेही कावळ्याच्या अंड्यासारखेच हिरवट आणि ठिपकेदार. खोटी नोट घेऊन फसलेल्या माणसाला आपण बिचारा म्हणतो आणि नोट छापणाऱ्याला तुरुंगात घालतो. इथे मात्र फसलेल्याला शिव्या आणि फसवणाऱ्याला कवितेत मानाचे पान! ज्या कूजनाने कवी विरघळतात तेही मादीचे नव्हे, याच साथीदाराचे.

बुद्धीचाच हिशेब मांडायचा तर २००२ साली ऑक्सफर्डमध्ये कावळ्याच्या गोतातल्या बेटी नावाच्या पक्षिणीने सरळ तार वाकवून आकडा केला व नळीतले खाणे वर ओढले. सिअ‍ॅटलमध्ये २००६ साली जॉन मार्झलफ यांनी एक मुखवटा चढवून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षे तो मुखवटा दिसताच कावळे कलकलाट करीत. त्यांत कधीही न पकडलेले कावळेही असत. आम्हाला शेजारचे बिऱ्हाड दोन महिन्यांत ओळखू येईनासे होते.

बायकांना तीन दिवस बाहेर बसवले पुरुषांनी आणि ‘शिवला’ म्हणून नाव कावळ्याचे! ते जाऊ द्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तर त्याला उंदीर-घुशींच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवले. ज्याच्या चोचीकडे डोळे लावून शिकलीसवरली माणसे पिंडापुढे ताटकळतात, तो सरकारदप्तरी उंदराच्या बरोबरीचा! २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली. पन्नास वर्षे लागली.

तो दुसऱ्यांची अंडी-पिल्ले खातो, हे मी नाकारीत नाही. झांझिबारात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याने तिथल्या पक्ष्यांना जेरीस आणले आहे. पण झांझिबारला त्याला नेले कोणी? कचरा साफ करायला म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांनीच. कचरा आपला, बोलावणे आपले, गुन्हा त्याचा.

आणि आता पितृपक्षात ‘हल्ली मेले कावळेच दिसत नाहीत’ अशी तक्रार. दिसतील कसे? आमच्या वसाहतीत पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी मे महिन्यात होते. त्याच दिवसांत घरट्यांत अंडी-पिल्ले असतात. गेल्या खेपेस फांदीबरोबर दोन घरटी खाली आली आणि दिवसभर त्या आंब्यावर असा आकांत चालला होता, की लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. फांद्या तोडायच्याच तर पौष-माघात तोडा, तेव्हा घरटी रिकामी असतात, असे मी चिटणिसांना लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.