आधी निर्णय, मग माहिती

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातून बारा बंदिस्त मालमोटारी कडक पोलीस बंदोबस्तात बाहेर पडल्या आणि सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून धार जिल्ह्यातील पीथमपूर या औद्योगिक नगरीत पोहोचल्या. त्यांत ३३७ टन विषारी कचरा होता. वायुकांडानंतर चाळीस वर्षे हा कचरा भोपाळच्या उरावर बसून राहिला होता. तो चार आठवड्यांत हलवावा, असा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश ३ डिसेंबर २०२४ रोजी झाला आणि त्याची अंमलबजावणी झाली. परंतु ३ जानेवारीस पीथमपुरात कडकडीत बंद पाळला गेला, जमाव रस्त्यावर उतरला आणि दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. तेव्हा कोठे सरकारला जाग आली व लोकांना विश्वासात घेण्यासाठी त्याने न्यायालयाकडे मुदत मागितली.

कचरा जाळणे सुरक्षित होते की घातक, या वादात आम्ही शिरत नाही. तो तज्ज्ञांचा विषय आहे. आमचा प्रश्न साधा आहे. २०१५ साली याच पीथमपुरात दहा टन कचरा प्रयोगादाखल जाळण्यात आला होता. त्याचे अहवाल तयार झाले, न्यायालयापुढे गेले, त्यांवर युक्तिवादही झाले. म्हणजे माहिती होती. पण ज्या गावाच्या वेशीवर ही भट्टी आहे, तेथील शेतकऱ्याला वा कामगाराला ती कोणत्या दारी मिळणार होती? दहा वर्षांत ती त्याच्या भाषेत, त्याच्या पंचायतीच्या फळ्यावर कोणी लावावयास हवी होती? या प्रश्नाचे उत्तर वेळीच दिले गेले असते, तर ३ जानेवारीचा प्रसंग कदाचित ओढवला नसता.

भोपाळला हा धडा नव्याने मिळावा, याचे वैषम्य वाटते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या त्या काळरात्री हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली असताना, हा वायू कोणता व त्यावर उतारा कोणता, हे डॉक्टरांनाच ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असावयास हवे होते, त्यांनी ते सांगितले नाही. कारखान्यात काय साठविले आहे, याची भिंतीपलीकडच्या वस्तीला कल्पनाच नव्हती. ओला कपडा तोंडावर धरावा, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी गोष्ट आधी सांगितली असती तरी कित्येक जीव वाचले असते.

आणि तरीही मध्य प्रदेशाला मागासलेला म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणाला नाही. १९९६ साली, केंद्रीय कायद्याची चाहूलही नव्हती तेव्हा, बिलासपूरचे विभागीय आयुक्त हर्ष मंदर यांनी स्वस्त धान्य दुकानांच्या नोंदी जनतेला खुल्या केल्या. (बिलासपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होते.) पवारांच्या जुन्या संस्थानाचा मुलूख असलेल्या धार जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ सुरू झाले. गावोगावच्या सूचनालयांत स्थानिक तरुण संगणक लावून बसले. बाजार समितीतील भाव, जमिनीचे उतारे, जातीचे दाखले तेथे मिळू लागले, गाऱ्हाणीही नोंदविता येऊ लागली. त्याच वर्षी स्टॉकहोमच्या पारितोषिकाने त्याचा गौरव झाला. पुढे विजेच्या व दूरध्वनीच्या अडचणींत त्यांतील बरीच केंद्रे बंद पडली, ही गोष्ट निराळी. २०१० साली ठरावीक मुदतीत शासकीय सेवा देण्याचा कायदा करणारे पहिले राज्यही मध्य प्रदेशच. ज्या धार जिल्ह्याने देशाला संगणकीय कारभाराची वाट दाखविली, त्याच जिल्ह्यातील पीथमपूरला आपल्या दारी येणाऱ्या विषाची वार्ता नीट कळू नये, हा विरोधाभास कशाने घडला?

आमच्या मते, सेवा आणि माहिती यांची गल्लत झाल्याने. उतारा, दाखला, वीजबिल या सेवा आहेत. त्या घरबसल्या मिळाव्यात हे योग्यच, आणि त्याबाबतीत देशभर मोठी मजल मारली गेली आहे. पण त्यांत नागरिक हा केवळ ग्राहक असतो. नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त, ठेकेदाराशी झालेला करार, प्रदूषण मंडळाचा तपासणी अहवाल, आमदार निधीचा हिशेब या गोष्टी मागतो तो मालक. ग्राहकासाठी सरकारी संकेतस्थळे सजली आहेत. मालकाला मात्र तेथे मंत्रिमहोदयांचे सस्मित छायाचित्र भेटते आणि कित्येकदा वर्षानुवर्षे न बदललेली अधिकाऱ्यांची यादी.

कायद्यात उणीव आहे असेही नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या चौथ्या कलमाने प्रत्येक कार्यालयावर सतरा प्रकारची माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले व त्यासाठी १२० दिवसांची मुदत दिली. लोकांना अर्ज करण्याची पाळीच कमीत कमी यावी, हा त्याचा हेतू. अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणावेत, असेही तेच कलम सांगते. हे झाले असते, तर १२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सातपुडा भवनाला व ९ मार्च २०२४ रोजी वल्लभ भवनाला आग लागली, तेव्हा कोणत्या फायली जळाल्या अशी कुजबुज करण्याचे कारण उरले नसते. २१ जून २०१२ रोजी मुंबईचे मंत्रालय पेटले, तेव्हाही हीच कुजबुज आपण ऐकली होती.

आम्हा गोमंतकीयांना या बाबतीत भोपाळकडे बोट दाखविता येणार नाही. १९९७ साली, देशात अगदी आरंभीच, आपण माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पण २०२४ मध्ये काही काळ मध्य प्रदेश आणि गोवा या दोन्ही राज्यांचे माहिती आयोग आयुक्तांविना ओस पडले होते! अपील करणाऱ्याने जावे कोठे? जमिनींच्या रूपांतराचे प्रकरण तर ताजेच आहे. नगर नियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली विभाग बदलल्याच्या सूचना राजपत्रात येत होत्या, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या माहिती जाहीरच होती. पण सर्व्हे क्रमांकांच्या त्या इंग्रजी रकान्यांतून आपल्याच डोंगराची उतरण ओळखावी कशी, हे गावच्या माणसाला कोणी सांगितले? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे स्थान दिले व मराठीच्या वापरास मान्यता दिली, ती काय केवळ समारंभातील भाषणांपुरती? त्या कलमाखालील नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द ठरविले, ते जागरूक नागरिक न्यायालयात गेले म्हणून.

त्यातच २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे आठवे कलम आकसले आहे. व्यापक लोकहित असल्यास वैयक्तिक माहितीही द्यावी, अशी जी वाट त्या पोटकलमातच होती, ती पुसली गेली. नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल अंमलात आला. कायद्यात अन्यत्र लोकहिताची तरतूद आहे, असे समर्थन केले जाते. तथापि नकार देण्यास आधीच उत्सुक असलेल्या कारकुनाच्या हाती आणखी एक सबब आली, हे नाकारता येत नाही.

पीथमपूरचा कचरा जून २०२५ अखेर जाळून झाला. मूळ कचऱ्याहून अधिक वजनाची राख मागे उरली. ती जेथे पुरावयाची, तेथील विहिरींच्या पाण्याची तपासणी यापुढे वर्षानुवर्षे करावी लागेल. त्या तपासणीचे आकडे दर महिन्याला, हिंदीत, त्या गावच्या पंचायतीच्या फळ्यावर लावण्याचा आदेश भोपाळहून निघावयास एका अधिकाऱ्याची सही पुरेशी आहे.