आधी धातू ओळखावा

तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणमजवळचे नाचियारकोविल हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध आहे. काळवंडलेली समई चिंचेने घासून लख्ख करणे, ही तमिळ व मराठी घरांची समान रीत होय. चिंचेतील टार्टारिक आम्ल पितळेवरील काळपट थर विरघळविते. मात्र हाच न्याय दारातील मोटारीच्या निस्तेज अ‍ॅल्युमिनियम चाकांना लावणे इष्ट नव्हे.

अ‍ॅल्युमिनियमवर हवेने आपोआप बसणारा ऑक्साइडचा पातळ थरच त्या धातूचे रक्षण करतो. तीव्र आम्ल वा कॉस्टिक सोडा तो थर नष्ट करतो व डाग उमटतात. शिवाय बहुतेक चाकांवर पारदर्शक लॅकरचा लेप असतो. तारेच्या घासणीने त्यावर ओरखडे पडले की पाणी आत शिरते आणि पांढुरके चट्टे पसरतात. नागपट्टणमच्या खाऱ्या किनाऱ्यावर जाऊन आलेल्या गाडीस हा धोका अधिक.

यास्तव चाक थंड झाल्यावर सौम्य साबणपाणी व मऊ फडके वापरून ब्रेकची काळी भुकटी काढावी. नंतर कोपऱ्यात किंचित अ‍ॅल्युमिनियम पॉलिश चोळून पाहावे. फडके काळे झाले, तर धातू उघडा आहे असे समजावे. तेथे पॉलिश करून वर मेणाचा हात द्यावा. लेपच सोलवटला असल्यास तो कुशल कारागिराकडून नव्याने चढवून घ्यावा.

जाड पितळी समई पिढ्यान्‌पिढ्या घासणे सोसते. चाकावरील लेप सोसत नाही. म्हणूनच मालमत्तेची निगा राखताना अंगमेहनतीइतकेच वस्तूचे ज्ञानही आवश्यक ठरते.